मुलांना साहस शिबिराला पाठवताना: पालकांचे आणि नव्या दादा-ताईंचे नेहमीचे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की पालकांचे फोन सुरू होतात आणि पहिला पाऊस पडला की पुन्हा एकदा. प्रश्न बहुतेक तेच असतात. आम्ही मुंबईहून शाळकरी मुलांना सह्याद्रीत आणि किनाऱ्यावर नेणारे स्वयंसेवक आहोत. फोनवर घाईत दिलेली उत्तरं इथे सवडीने लिहिली आहेत. काही उत्तरं पालकांसाठी आहेत, काही आमच्यात नव्याने येणाऱ्या दादा-ताईंसाठी. दोघांनी दोन्ही वाचली तरी चालेल.

शिबिर शंभर टक्के सुरक्षित आहे, असं लिहून द्याल का?

नाही. जो लिहून देईल त्याच्याकडे मूल पाठवू नका.

कड्यावरून दोराने उतरताना, म्हणजे रॅपलिंग करताना, मुलाच्या पोटात गोळा येतो. तो यायलाच हवा, त्यासाठीच तर ते आलेलं असतं. तिथे भीती मोठी आणि प्रत्यक्ष धोका त्या मानाने लहान असतो, कारण दोन दोर असतात, हेल्मेट असतं, वर आणि खाली जाणती माणसं असतात. याउलट ओढ्यात डुंबताना, रात्रीच्या गाडीत पेंगताना, भर दुपारी मैदानात कबड्डी खेळताना कोणालाच भीती वाटत नाही. जीव जातात ते बहुतेक अशाच ठिकाणी. त्यामुळे आमचा वेळ रॅपलिंगपेक्षा पाणी, ऊन आणि रस्ता यांच्या नियोजनात जास्त जातो. फोटोत ते दिसत नाही.

आयोजकांना पहिला प्रश्न कोणता विचारावा?

“गेल्या वर्षभरात कोणता कार्यक्रम रद्द केलात किंवा अर्ध्यातून वळवलात? आणि तो निर्णय कोणी घेतला?”

पालक विचारतात हार्नेस (दोराला अडकवायचा कमर-मांड्यांचा पट्टा) कुठल्या कंपनीचं, जेवणात काय, खोलीला गीझर आहे का. विचारा जरूर. पण “आमच्यावर रद्द करायची वेळच आली नाही” असं उत्तर आलं, तर दुसरीकडे बघा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत मुलं नेणाऱ्यावर ही वेळ आलीच नाही, असं होत नाही. ती आली आणि त्याने ओळखली नाही, असं होऊ शकतं.

रद्द करणं अवघड का असतं, तेही समजून घ्या. बस पहाटे पाचला दादरहून निघालेली असते. पायथ्याच्या गावात मावशींनी चाळीस जणांच्या भाकऱ्या थापायला घेतलेल्या असतात. मुलं गाणी म्हणत असतात, शाळेचे सर मागच्या सीटवरून “आलोच आहोत तर थोडं वर जाऊ” म्हणत असतात. अशा वेळी बावीस वर्षांच्या ताईने “नको” म्हणायचं म्हणजे तिच्यावर सगळ्यांचा राग. म्हणून तिच्या धैर्यावर विसंबून चालत नाही, सोय आधीच करून ठेवावी लागते. कार्यक्रम वळवला तरी लीडरच्या मानधनाला कात्री लागत नाही. गावातल्या जेवणाचे पूर्ण पैसे दिले जातात. पर्यायी कार्यक्रम आधीच ठरलेला आणि पालकांना कळवलेला असतो. आणि गटातल्या कोणत्याही एका दादा-ताईने थांबायला सांगितलं की गट थांबतो. कारण काय ते नंतर विचारायचं.

एवढं ज्यांच्याकडे लेखी आहे, त्यांच्या बाकीच्या गोष्टी बहुधा ठीक असतात.

सरकारी नोंदणी लागते का?

महाराष्ट्रात साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेची नियमावली २०१४ मध्ये आली, २०१८ मध्ये सुधारित नियमावली आली. ऑगस्ट २०२१ मध्ये जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही गटांसाठी साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर झालं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. आयोजकांकडे नोंदणीची प्रत मागा. मागण्यात संकोच कसला? जागा वनखात्याच्या हद्दीत असेल, उदाहरणार्थ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

नोंदणी असली म्हणजे झालं असं मात्र नाही. कागदावर हेल्मेटांची संख्या असते. ती मुलांच्या डोक्याला बसतात का, ते जागेवरच कळतं.

लीडरचं प्रशिक्षण कसं ओळखायचं?

उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था यांचे बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स असतात. पुढे शिकवण्याच्या पद्धतीचा वेगळा कोर्स असतो, मुलांच्या कामाला तो फार उपयोगी. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण अलीकडचं आहे का, हेही विचारा.

पण आमचं स्पष्ट मत सांगतो. बर्फात सहा हजार मीटरवर जाऊन आलेला प्रत्येक जण दहा वर्षांच्या मुलांना राजमाचीला नेण्यालायक असतोच असं नाही. चांगला गिर्यारोहक स्वतःच्या दमाने चालतो. मुलांच्या लीडरला सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाच्या दमाने चालता यावं लागतं, आणि चेहरा बघून ओळखता यावं लागतं की हे मूल दमलंय, रुसलंय की खरंच आजारी आहे.

एका लीडरमागे किती मुलं?

साध्या पायवाटेवर आम्ही आठ ते दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवतो, वाट अवघड किंवा मुलं लहान असतील तर त्याहून कमी मुलं. पाण्याजवळ आणखी कमी. शाळेचे शिक्षक यात धरत नाही. त्यांचा मुलांवर वचक असतो आणि त्याचा उपयोगही होतो, पण वाट त्यांना माहीत नसते. सगळ्यांच्या मागे चालणारा एक ठरलेला माणूस असतो आणि त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही. लघवीला गेलेलं मूलसुद्धा.

पावसाळ्यात मुलांना नेता, हा वेडेपणा नाही का?

सगळ्याच जागी नेलं तर वेडेपणाच. कोथळीगडाच्या पायथ्याच्या पेठ गावापर्यंतची वाट आणि एखाद्या घळीतून चढणारी, ओढा तीनदा ओलांडणारी वाट, या दोन्ही नकाशावर ‘सोप्या’ लिहिलेल्या सापडतात. पावसात त्या एकसारख्या राहत नाहीत.

पाण्याचा धोका समोर दिसणाऱ्या पाण्यात नसतो, वर कुठेतरी पडणाऱ्या पावसात असतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि डोंगरमाथ्यावर धो-धो. घोट्याइतका ओढा बघता बघता कमरेला येतो. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो असाच अचानक वाढलेला लोंढा होता. कधी पाणी पावसाचंही नसतं. ८ जून २०१४ला हिमाचलमध्ये बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात गेले.

आणि हे फक्त हौशी सहलींच्या बाबतीत होतं असं समजू नका. १५ एप्रिल २००८ला न्यूझीलंडमध्ये मांगाटेपोपो घळीत एका नावाजलेल्या साहस केंद्राच्या गटावर पूर आला. सहा विद्यार्थी आणि त्यांचे एक शिक्षक गेले. प्रशिक्षक होते, उपकरणं होती, हवामानाचा अंदाजही होता.

म्हणून आमचे पावसाळ्याचे नियम रुक्ष आहेत. हवामान खात्याचा त्या जिल्ह्यासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर डोंगराचा कार्यक्रम होत नाही. सकाळी आकाश निळंशार असलं तरी नाही. जिल्हा मुंबई नव्हे, जिथे जायचं तो: रायगड, पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचं नगर). परतीच्या वाटेवर ओढा असेल तर जातानाच त्यातल्या एका ठळक दगडावर खूण धरतो, आणि पाणी तिथे पोचलं की चढाई संपली. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, आवाज बदलला, की मोजमाप न करता मुलांना उंच काठावर घ्यायचं. ओढ्यापलीकडे अडकलात तर थांबायचं. उशीर होईल, पालक चिडतील, भाकऱ्या थंड होतील. पाणी ओसरतं.

धबधब्याखाली मुलांना आम्ही नेतच नाही. वरून पाण्यासोबत दगड येतात. यावर नाराज होणारे पालक दरवर्षी भेटतात.

विजांचं काय?

मे महिन्याची आणि ऑक्टोबरची दुपार सांभाळायची. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, की माथा, एकटं झाड आणि तंबू सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप प्रत्येक लीडरच्या फोनवर हवं.

समुद्रकिनाऱ्यावरचं शिबिर तर सोपं असतं ना?

किनारा सोपा वाटतो, हीच त्याची अडचण. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, तेव्हा पावसाळाही नव्हता.

भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचं अंतर असतं, पण पाणी एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं, तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढाच्या निम्मं चढतं. त्यामुळे “आत्ताच तर इथे कोरडं होतं” हे वाक्य खडकांवर गेलेल्या प्रत्येक गटात ऐकू येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मुंबईत त्या दिवसांत भरती कधी कधी साडेचार मीटरच्याही वर जाते. शिबिराच्या तारखा ठरवताना भरतीचं वेळापत्रक बघा आणि पोचल्यावर गावातल्या कोळी बांधवांना विचारा. कुठल्या जागी पाणी खेचतं, ते त्यांना नेमकं माहीत असतं. ते “तिथे नको” म्हणाले तर वाद घालायचा नाही.

आमच्याकडे पाण्यात उतरणं म्हणजे गुडघ्यापर्यंत, दोरी लावून आखलेल्या पट्ट्यात, आणि मोठी माणसं मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला उभी. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट बांधून. मांडीवर ठेवलेलं जॅकेट धरलं जात नाही.

दोर आणि हार्नेस सुरक्षित आहे, हे कसं कळतं?

उपकरणांवर यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) किंवा सीई (युरोपीय मानक) ही चिन्हं असतात. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट डोंगरात चालत नाही. चढाईला ताणला जाणारा डायनॅमिक दोर, रॅपलिंगला कमी ताणणारा स्टॅटिक. रॅपलिंगच्या दोराशिवाय मुलाला दुसरा, वेगळ्या आधाराला बांधलेला सुरक्षा दोर असलाच पाहिजे. प्रत्येक दोराची वही असते: कधी घेतला, कुठे वापरला, कधी काढायचा. ज्याचा इतिहास माहीत नाही असा दोर कितीही नवा दिसला तरी कपडे वाळत घालायला द्यावा.

नव्या दादा-ताईंसाठी तपासणी सविस्तर सांगतो. मुलासमोर गुडघ्यावर बसायचं, म्हणजे हार्नेस डोळ्यांसमोर येतं. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडाच्या वर आहे ना? आत सपाट हात जेमतेम जावा, पण आत मूठ वळली तर ती बाहेर निघू नये. निघाली तर पट्टा सैल. लहान, सडपातळ मुलांना कंबरच नसते, पट्टा खाली सरकतो. त्यांना पूर्ण अंगाचं हार्नेस. पट्ट्याचं टोक बकलमधून परत फिरवलंय का? कॅरॅबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू फिरवून झाल्यावर गेट अंगठ्याने दाबून बघायचं, नुसतं पाहून नाही. मग मोकळे केस, ओढणी, हुडीची नाडी आत. डिसेंडरमध्ये (उतरताना दोर अडवून वेग कमी करणाऱ्या साधनात) केस अडकले की मूल अधांतरी लटकतं आणि ते सोडवणं फार वेळखाऊ असतं. शेवटी हेल्मेटची पट्टी. हे सगळं तपासून झालं की दुसऱ्या लीडरने पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. शेवटच्या मुलालाही तितकंच, कारण चुका होतात त्या दुपारी, भूक लागल्यावर, “झालंच आता” म्हणताना.

मूल घाबरलं तर ढकलता का?

नाही. मूल कड्याच्या टोकाशी रडत असताना बाकीच्यांनी टाळ्या वाजवून ‘हो जाएगा’ ओरडणं आम्ही बंद केलंय. मागे फिरायचा मार्ग कायम उघडा असतो. तीन पावलं उतरून परत वर आलं तरी ते त्या दिवसाचं उतरणं.

उन्हाळी शिबिरात ऊन बाधू नये म्हणून काय करता?

मुंबई-कोकणात तापमानाच्या आकड्यावर जाऊ नका. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, त्यामुळे पस्तीस अंशही मुलांना भारी पडतात. अकरा ते चार आम्ही सावलीतच असतो. पाणी “तहान लागली की प्या” असं नसतं, शिट्टी वाजली की सगळे पितात. मूल गोंधळल्यासारखं बोलू लागलं, अडखळू लागलं, अंग तापलं, की आधी थंड करायचं: सावली, अंगावर भरपूर पाणी, वारा. मग गाडी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, लिंबूसरबतसुद्धा.

साप, विंचू, मधमाश्या?

तिघांत आम्ही मधमाश्यांना जास्त भितो. गडांच्या कातळकड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. म्हणून बॉडी स्प्रे बॅगेतून काढून ठेवतो. आठवी-नववीची मुलं यावर फार हळहळतात. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, डोकं-तोंड झाकून तिथून लांब निघायचं. खूप दंश झाले, सूज चेहऱ्यावर आली किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय.

आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चावल्यावर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं, यातलं काहीही करायचं नाही. तो अवयव हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवायचा, मुलाला चालवायचं नाही, आणि प्रतिविष आहे अशा रुग्णालयात न्यायचं. ते जवळ कुठे मिळतं याची चौकशी शिबिराआधी फोन करून होते, चावल्यावर नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि चावा जाणवतही नाही. पहाटे एखादं मूल पोटात दुखतंय म्हणालं आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर रात्रीच्या जेवणाला दोष देत बसू नका. खाट किंवा चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, हा उपाय साधा आणि चांगला.

कोकणातला लाल विंचू मुलांना गंभीर ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून मृत्यू खूप कमी झाले. पण औषध डॉक्टरांनी द्यायचं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, एवढं दिसलं की निघायचं.

वैद्यकीय फॉर्ममध्ये सगळं लिहायलाच हवं का? मुलाला घेतलं नाहीत तर?

लिहाच. दमा आहे म्हणून आम्ही कोणाला नाकारत नाही. लपवलेला दमा मात्र तिसऱ्या टप्प्यावर, इनहेलर घरी असताना, बाहेर येतो. फिट्स, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, अलीकडची शस्त्रक्रिया, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, सगळं. शेवटची गोष्ट धोक्याची नाही, पण ती लपवायला मूल रात्री पाणी पीत नाही आणि दुसऱ्या दिवशी उन्हात कोसळतं. फॉर्म एकाच ताईकडे राहतो आणि ती मुलाला सगळ्यांसमोर काही विचारत नाही.

प्रवास कसा असतो?

रात्री अकरा ते पहाटे पाच घाटात गाडी नाही. चालक रात्रभर दुसरी फेरी मारून आलेला नको, हे त्याच्या मालकाला आधी बजावतो आणि सकाळी त्याच्याशी चार शब्द बोलून खात्री करून घेतो. लोकलने कर्जत-कसाऱ्याला जाताना मुलं जोडीने, डब्यांची विभागणी ठरलेली, आणि गाडी सुटू लागली तर धावायचं नाही: मागे राहिलेल्यांसोबत एक लीडर मागे थांबतो, बाकीचे पुढच्या ठरलेल्या स्टेशनवर.

मुलांच्या लैंगिक सुरक्षिततेसाठी काय नियम आहेत?

कोणतंही मोठं माणूस कोणत्याही मुलासोबत बंद जागेत एकटं नसतं. मुलींच्या गटासोबत ताई मुक्कामाला असते. हार्नेस चढवताना आधी सांगून, विचारून, सगळ्यांसमोर. लीडर मुलांशी खासगी चॅट करत नाहीत. काही घडल्याची तक्रार आली तर ‘आपापसात मिटवणं’ हा पर्याय नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पहिल्याच रात्री सांगतो.

‘काही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत’ यावर सही केली. आता हक्क गेला का?

नाही. धोक्यांची माहिती मिळाल्याची ती नोंद आहे, एवढाच तिचा खरा उपयोग. अठराखालील मुलाची सही करार म्हणून धरलीच जात नाही. आणि निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६चा गुन्हा कुठल्याही फॉर्मने टळत नाही.

अपघात झालाच तर?

एक लीडर जखमीजवळ, एक बाकीच्या मुलांजवळ, एक फोनवर. १०८ला रुग्णवाहिका, ११२ला पोलीस. डोंगरात दोन्हींच्या आधी पोचतात ते गावकरी आणि स्थानिक बचाव पथकं, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी. त्यांचे नंबर कागदावर लिहून खिशात असतात, कारण रेंज आणि बॅटरी दोन्ही जातात. पालकांना फोन संस्थेकडून येतो, आधी त्या मुलाच्या घरी. तोवर कोणत्याही ग्रुपवर फोटो जात नाहीत.

थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची नोंद कशाला? काही झालंच नव्हतं.

म्हणूनच. घरंगळलेला दगड कोणाला लागला नाही, गिनतीत एक मूल दहा मिनिटं कमी भरलं, बकल उलटं निघालं. हे त्याच रात्री वहीत जातं, नाव न घेता. इंग्लंडमध्ये २२ मार्च १९९३ला लाइम बे इथे शिबिराला आलेली चार किशोरवयीन मुलं कयाक (छोटी वल्ह्यांची होडी) सहलीत समुद्रात जीव गमावून बसली. त्याच केंद्रातल्या प्रशिक्षकांनी सुरक्षेतल्या त्रुटींबद्दल आधीच व्यवस्थापनाला लेखी इशारा दिला होता. १९९५ मध्ये तिथे अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा झाला. आमच्या बैठकीत वही वाचताना शेजारी लिहावं लागतं: यावर काय केलं, कोणी, कधीपर्यंत. तो रकाना रिकामा असेल तर पुढच्या शिबिराची नोंदणी उघडत नाही.

मूल घरी आल्यावर काही बघायचं असतं का?

डोक्याला मार लागला होता का, ते लीडरला विचारून घ्या. वारंवार उलटी, झोपाळूपणा दिसला तर लगेच डॉक्टर. पावसाळी शिबिरानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरच्या गोळीवर थांबू नका. मूल चिखलात, साचलेल्या पाण्यात होतं, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, म्हणजे लेप्टो आणि मलेरियाचा विचार लवकर होतो. अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कमरेचा पट्टा नीट बघा. न दुखणारी काळी खपली दिसली तर तीही दाखवा. स्क्रब टायफस या तापाची ती खूण असते आणि मूल स्वतःहून सांगत नाही. आणि आम्हालाही कळवा, त्याच गटातल्या बाकीच्या घरी फोन करायचे असतात.